वीसच्या आतला पट

डिसेंबर २०२२च्या नागपूर अधिवेशनात देवेंद्र फडणवीस यांनी सांगून टाकले, जुनी पेन्शन देता येणार नाही, तिजोरीवर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल. ३० जानेवारीला नागपूर विभागातल्या शिक्षकांनी विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघासाठी मतदान केले आणि २ फेब्रुवारीच्या मोजणीत भाजपच्या पाठिंब्यावर उभे असलेले, दोन वेळचे आमदार नागो गाणार पडले. निवडून आले विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे सरकार्यवाह सुधाकर अडबाले. संघाच्या वि. उ. डायगव्हाणे यांनी पूर्वी राखलेली जागा संघाकडे परत आली. मार्चमध्ये पेन्शनसाठी राज्यभर सात दिवस संप झाला. १ नोव्हेंबर २००५नंतर नोकरीला लागलेल्यांनी म्हातारपण कशाच्या भरवशावर काढायचे, हा त्यांचा सवाल रास्तच आहे.

पण ही ताकद कुणाच्या मतांवर उभी आहे? घटनेच्या १७१व्या कलमानुसार शिक्षक मतदारसंघात मत माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींना ते नाही. रामटेक-पारशिवनीच्या जंगलपट्ट्यातली छोटी शाळा डोळ्यांसमोर आणा. एका खोलीत दोन-तीन इयत्ता. पहिलीची पोरे अक्षरे गिरवताहेत तोवर चौथीचा भागाकार उरकायचा, पोषण आहाराची नोंद करायची, निवडणूक आली की बीएलओ म्हणून घरोघर फिरायचे. ज्यांना परवडते त्यांची मुले व्हॅनने कॉन्व्हेंटला जातात. शाळेत उरतात ती मजुरांची, आदिवासींची. मग पट घसरतो, आणि घसरलेला पट हाच शाळेविरुद्धचा पुरावा ठरतो.

सप्टेंबर २०२३मध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून त्यांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यात तेव्हा अशा १४,७८३ शाळा होत्या आणि त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुले. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत द्यायची. सात वर्षांची मुलगी पावसाळ्यात नाला ओलांडून दूरच्या शाळेत जाईल, असे मानणाऱ्याने तो नाला पाहिलेला नसावा. पुढच्या सप्टेंबरात या शाळांवर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय निघाला, तेव्हा २५ सप्टेंबर २०२४ रोजी प्राथमिक शिक्षक राज्यभर सामूहिक रजेवर गेले, जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे निघाले.

पेन्शनसाठी प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षक एकाच संपात उतरले होते. शाळा वाचवण्यासाठी तशी एकजूट अजून बांधायची आहे, आणि ती माध्यमिकवाल्यांच्याही गरजेची आहे. अनुदानित हायस्कूलचे वर्ग भरतात ते आसपासच्या याच प्राथमिक शाळांतल्या मुलांनी. तिथली शाळा मोडली की तीन-चार वर्षांत इकडचा पट कोसळतो आणि पटावरून शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संच मान्यतेत शिक्षक अतिरिक्त ठरतात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या वीसच्या आतल्या प्रत्येक शाळेची यादी, किती मुले, किती मंजूर पदे, किती रिकामी, एवढी माहिती संघाने आपल्या आमदारामार्फत येत्या हिवाळी अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर आणावी. आणि त्या दिवशी मोर्चाही काढावा, त्यात पुढे प्राथमिकचे गुरुजी आणि बाई असाव्यात.