पगार विचारणारी मुलगी लोभी नसते

गैरसमज: "मुलींना आता फक्त पैसेवाला नवरा हवा. शेतकऱ्याच्या पोराकडे कुणी ढुंकूनही बघत नाही."

हे वाक्य पारावर ऐकू येतं, लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं आणि वधू-वर मेळाव्यांत तर माईकवरून ऐकवलं जातं. डिसेंबर २०२२ मध्ये लग्न न जमलेल्या तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. तेव्हापासून या वाक्याचा जोर आणखी वाढला आहे. त्या तरुणांचं दुःख खरं आहे. पण त्याचं खापर मुलींच्या डोक्यावर फोडणं साफ चूक आहे. ते इतक्या वेळा फोडलं जातं की आता शांतपणे ऐकून घेणं अवघड झालं आहे.

वस्तुस्थिती: आधी प्रश्न कोण विचारतं ते बघा. पाहुण्यांच्या हातात पोह्यांच्या बश्या असतात आणि मुलीचे मामा विचारत असतात, "नोकरी पर्मनंट का? कट होऊन हातात किती येतात? पुण्यातला फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा?" मुलगी तोवर खाली मान घालून बसलेली असते. भारतीय मानव विकास सर्वेक्षणात आपला नवरा पूर्णपणे स्वतः निवडल्याचं सांगणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास होतं. निवड घरच्यांनी करायची आणि लोभी मात्र मुलगी ठरवायची, हा कुठला न्याय?

आता घरचे पगारच का विचारतात, ते पाहू. मुलीला उद्या अडचण आली तर तिच्यामागे कोण उभं राहणार, हा तो खरा प्रश्न आहे. त्याची तीन उत्तरं असू शकतात: माहेर, सासर किंवा तिची स्वतःची कमाई. ही तिन्ही उत्तरं डळमळीत असली की सगळा भार एकट्या नवऱ्याच्या पगारावर येतो.

माहेरापासून सुरुवात करू. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, म्हणजे केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीच्या अकरा वर्षं आधी, मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला. प्रत्यक्षात काय होतं? वडील गेले की भाऊ बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेतात. हक्कसोडपत्र आधीच टाइप करून आणलेलं असतं. दोन साक्षीदार, अंगठ्याचा ठसा, फोटो, सही, आणि बहीण सातबाऱ्यावरून बाहेर. "जमीन मागितली तर माहेर तुटेल," हे तिला लहानपणापासून ऐकवलेलं असतं. शिवाय "दिल्या घरी सुखी राहा" असं सांगूनच तिची पाठवणी केलेली असते. जिला परतीचा दरवाजा बंद आहे हे ठाऊक आहे, तिने पुढच्या घराचा भक्कमपणा तपासायचा नाही?

मग सासर. नवरा हयात असेपर्यंत त्याच्या जमिनीत बायकोची मालकी नसते. तो गेल्यावर कायदा तिला वाटा देतो, पण हातात काय पडतं? २०१२ ते २०१८ या काळात ज्यांच्या शेतकरी नवऱ्यांनी आत्महत्या केली, अशा मराठवाडा-विदर्भातल्या ५०५ स्त्रियांची पाहणी महिला किसान अधिकार मंचाने केली. त्यांतल्या ४० टक्के स्त्रियांना त्या कसत असलेल्या जमिनीचा हक्क तोवर मिळालेला नव्हता. ही उदाहरणं गावोगावच्या आयांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. "चार एकर बागायत आहे" हे ऐकून त्यांना धीर येत नाही, कारण ते चार एकर आपल्या लेकीचे होतीलच याची त्यांना खात्री नसते. पगार दर महिन्याला येतो आणि सरकारी नोकरी असली तर नवऱ्यामागे बायकोला कुटुंब निवृत्तिवेतनही मिळतं. शेतकरी कुटुंबाचं उत्पन्न मात्र २०१८-१९ च्या सरकारी पाहणीनुसार देशात सरासरी दरमहा १०,२१८ रुपये होतं, तेही शेती, मजुरी असं सगळं मिळून अख्ख्या घराचं. हा हिशेब करणाऱ्याला लोभी म्हणत नाहीत, शहाणं म्हणतात.

उरली तिची स्वतःची कमाई. गावाकडे घरच्या शेतात राबणाऱ्या सुनेला मजुरी मिळत नाही, तिच्या नावावर सातबारा नसतो आणि शेतकरी म्हणून तिला सहसा कुणी मानतही नाही.

आणखी काही गैरसमज थोडक्यात:

"बायकांची जातच पैशाच्या मागे." मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बस यांच्या १९८९ च्या ३७ समाजांच्या अभ्यासाचा दाखला यासाठी दिला जातो. जोडीदाराच्या कमाईला स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त महत्त्व देतात, हे त्यात दिसलं, हे खरं. पण त्याच पाहणीत स्त्री-पुरुष दोघांच्याही पसंतीक्रमात परस्परांविषयीचं प्रेम आणि भरवशाचा स्वभाव सर्वांत वर होते. पैसा बराच खाली होता.

"मूल जगवायचं तर कमावता बापच लागतो." रिबेका सियर आणि रूथ मेस यांनी २००८ मध्ये जगभरातल्या ४५ अभ्यासांचा आढावा घेतला. मूल जगण्यात आजीचा, विशेषतः आईच्या आईचा, हातभार ठळक दिसला. बापाचा परिणाम बहुतेक ठिकाणी ठळक नव्हता. केरळातल्या नायर समाजात पूर्वी मुलं आईच्या तरवाडात, म्हणजे आईकडच्या एकत्र घरात, वाढत आणि त्यांच्या पोटापाण्याची जबाबदारी मामाकडे असे. तिथे नवऱ्याचा दर्जा पाहिला जाई, पण संसार त्याच्या कमाईवर उभा नसे.

"मुलींना शेतात काम नको." ग्रामीण भारतात काम करणाऱ्या दर चार स्त्रियांपैकी तीन शेतीतच काम करतात.

"माहेरने आधार दिला, नावावर घर केलं, की मुली संसार मोडतात." प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मालमत्ता नसलेल्या स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याची मारहाण सोसली होती. जमीन आणि घर दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं.

"मुली नखरे करतात म्हणून मुलं बिनलग्नाची राहिली." २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या. ती पिढी आज लग्नाच्या वयात आहे. ज्या मुली जन्मालाच येऊ दिल्या नाहीत, त्या आता नकार द्यायलाही नाहीत.

शेतकऱ्याच्या घरी सून यावी असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्या हातात उपाय आहे आणि तो जुना आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली, तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर केला. पती हयात असताना पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय आजही सरकारी योजनेत आहे. तेव्हा वरपित्यांनो, बैठकीत एकरांचा आकडा सांगाल तेव्हा त्यातले किती एकर सुनेच्या नावावर करणार, तेही सांगा. आणि मुलीच्या भावांनो, बहिणीसमोर हक्कसोडपत्र ठेवू नका. तिच्या पाठीशी माहेर उभं आहे याची तिला खात्री पटू द्या, मग ती पगारापलीकडचा माणूस पाहायला मोकळी होईल.