वर्दी देणारे यंत्र

सरकारी कचेरीत ज्यांनी उमेदीचा काळ घालवला आहे, त्यांच्यापुढे आवक-जावकाची बारनिशी, मिसलीच्या समासात पडणारे शेरे आणि ती मिसल बगलेत मारून एका मेजाकडून दुसऱ्या मेजाकडे संथपणे जाणारा पट्टेवाला यांचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. त्या व्यवस्थेत विलंब पुष्कळ होता आणि त्याचे गुणगान करण्याचे काही कारण नाही. तथापि तिच्यात एक गोष्ट अनायासे साधत असे, ती ही की, कागद ज्याच्या मेजावर येऊन पडे त्याला तो आल्याचे तत्काळ कळे, आणि ज्याचा त्या कागदाशी संबंध नसे त्याच्या कामात (अथवा डुलकीत) कसलाही व्यत्यय येत नसे.

आज कंपन्यांतून, बँकांतून आणि मोठाल्या इस्पितळांतून मिसलीची जागा संगणकावरील वर्कफ्लो प्रणालीने घेतली आहे. खरेदीची मागणी, रजेचा अर्ज, ग्राहकाची तक्रार, पुरवठादाराचे बिल अशा प्रत्येक प्रकरणाला तेथे क्रमांक मिळतो, त्याचे टप्पे आगाऊ ठरलेले असतात, आणि एक टप्पा पुरा झाला की प्रकरण पुढील अधिकाऱ्याच्या यादीत जाऊन बसते. व्यवस्था काटेकोर खरी, पण त्या अधिकाऱ्याने आपली यादी उघडून पाहिलीच नाही, तर प्रकरण तेथे खुशाल तिष्ठत राहते. या दुखण्यावर प्रथम ई-मेलचा उतारा काढण्यात आला; परंतु ई-मेलचीच इतकी गर्दी झाली की, तीत ही वर्दीही बुडून जाऊ लागली.

दरम्यान कचेरीतले बोलणेच दुसरीकडे सरकले होते. टायनी स्पेक नावाची एक कंपनी ‘ग्लिच’ हा इंटरनेटवरील खेळ चालवीत असे. तो खेळ २०१२ च्या अखेरीस बंद करावा लागला. परंतु तो रचताना आपसांतील संवादासाठी कंपनीच्या मंडळींनी जे साधन बनवले होते, तेच पुढे २०१४ च्या फेब्रुवारीत ‘स्लॅक’ या नावाने सर्वांसाठी खुले झाले आणि मूळ खेळापेक्षा कितीतरी पटींनी मोठे ठरले. सेल्सफोर्सने २०२१ मध्ये ते सुमारे २७.७ अब्ज डॉलरांना विकत घेतले. मायक्रोसॉफ्टचे ‘टीम्स’ २०१७ साली आले. या दोन्हींत विषयवार चॅनेल असतात, आणि नोकरदार मनुष्य दिवसभर त्यांवर डोळा ठेवून असतो. तेव्हा वर्कफ्लोची वर्दीही तेथेच पोहोचवावी, हा विचार क्रमप्राप्तच होता.

ती पोहोचवण्याची सर्वांत सुटसुटीत रीत म्हणजे वेबहुक. चॅट-सेवा एखाद्या चॅनेलपुरता एक लांबलचक, गुप्त असा वेब-पत्ता तयार करून देते. वर्कफ्लो प्रणालीत ठरलेली घटना घडली की ती प्रणाली जेसन नावाच्या नियमबद्ध मांडणीत एक छोटासा मजकूर त्या पत्त्यावर धाडते, आणि क्षणार्धात तो चॅनेलमध्ये उमटतो. ‘काही नवे घडले का?’ असे कोणी कोणाला पुनःपुन्हा विचारत बसण्याची गरज उरत नाही. समजा, एखाद्या कारखान्यात ५०,००० रुपयांवरील खरेदीस व्यवस्थापकाची मंजुरी लागते, आणि भांडारपालाने ८०,००० रुपयांच्या बेअरिंगची मागणी नोंदवली. नोंद होताच मागणीचा क्रमांक, वस्तू, रक्कम, मागणाऱ्याचे नाव, निर्णयाची मुदत आणि मूळ प्रकरणाकडे नेणारा दुवा एवढा ऐवज व्यवस्थापकाच्या भ्रमणध्वनीवर हजर होतो.

त्याच वर्दीखाली ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ अशी बटणे ठेवता येतात. मात्र तेथून मामला किंचित नाजूक होतो. बटण दाबल्याची खबर चॅट-सेवेकडून उलट प्रणालीकडे जाते, आणि स्लॅकचा दंडक असा की, त्या खबरीची पोच तीन सेकंदांच्या आत मिळालीच पाहिजे. म्हणून जाणते रचनाकार आधी पोच देऊन मोकळे होतात आणि हिशेबाचे खरे काम मागाहून करतात. शिवाय ती खबर खरोखर स्लॅककडूनच आली आहे, वाटेत कोणी तोतया उभा राहिलेला नाही, याची खातरजमा तिच्यासोबत आलेल्या सांकेतिक स्वाक्षरीवरून करून घेतात.

व्यवहारात आणखी काही खाचखळगे आहेत. तो गुप्त पत्ता ज्याच्या हाती लागेल त्याला चॅनेलमध्ये वाटेल तो मजकूर घालता येतो, यास्तव त्याची जपणूक सही-शिक्क्याप्रमाणेच करावी लागते. अशा पत्त्यावर सेकंदाला साधारण एकाहून अधिक संदेश धाडल्यास स्लॅक ते परत लावते आणि किती वेळाने पुन्हा यावे तेही सांगते. संदेश पोहोचला पण त्याची पोच वाटेत हरवली, तर प्रणाली तोच संदेश पुन्हा पाठवते. सबब प्रत्येक घटनेचा क्रमांक टिपून ठेवून दुबार वर्दी टाळावी लागते. आणि एकदा जुळवलेली रचना चिरकाल टिकते असेही नाही: टीम्समधील जुनी कनेक्टर-पद्धत बंद करण्याचे मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या जुलैमध्ये जाहीर केले, तेव्हा ती वापरणाऱ्यांवर आपल्या वर्द्यांची वाट नव्याने आखण्याची पाळी आली.

परंतु ही सर्व तंत्राची अंगे झाली, आणि ती थोड्या अभ्यासाने साध्य होतात. खरा प्रश्न वर्दी कोणती द्यावी हा नसून कोणती देऊ नये हा आहे. वेल्समधील मिलफर्ड हेवन येथे टेक्सॅकोच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी मोठा स्फोट झाला. त्याची चौकशी करताना ब्रिटिश सरकारच्या सुरक्षा-खात्याला असे आढळले की, स्फोटापूर्वीच्या अखेरच्या ११ मिनिटांत दोघा चालकांपुढे तब्बल २७५ इशारे येऊन आदळले होते. एवढ्या कल्लोळातून महत्त्वाचा इशारा हुडकून काढणे कोणाही मनुष्याच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यानंतर १९९९ साली तेथील अभियांत्रिकी साधनसामग्री वापरणाऱ्यांच्या संघटनेने जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिच्यात नेहमीच्या परिस्थितीत एका चालकास सरासरी दहा मिनिटांत एकापेक्षा अधिक इशारा येऊ नये, अशी शिफारस केली गेली. कचेरीतील चॅनेल म्हणजे तेलाचा कारखाना नव्हे, हे मान्य; पण चित्त विचलित होण्याचा मानवी स्वभाव दोन्हीकडे सारखाच असतो, आणि ज्या चॅनेलमध्ये ‘टप्पा क्र. २ पूर्ण’, ‘टप्पा क्र. ३ सुरू’ असल्या निरर्थक ओळींचा रतीब चालू असतो, त्याचा आवाज लोक मुकाट्याने बंद करून टाकतात. मग ज्या दिवशी खरोखर निकडीची वर्दी येते, त्या दिवशीही ती कोणी वाचत नाही.

पट्टेवाल्याचे पाय दुखत असत, म्हणून त्याला कुठेही उगाच पाठवले जात नसे. यंत्राचे पाय दुखत नाहीत. तेव्हा जो संयम पूर्वी श्रमाच्या धाकाने आपोआप पाळला जाई, तो आता नियम लिहिणाऱ्याने विवेकाने पाळावयाचा आहे. निर्णय मागणारी वर्दी संबंधित अधिकाऱ्यालाच व्यक्तिशः द्यावी. नुसत्या माहितीच्या गोष्टी एकत्र करून सकाळी एकदाच गोषवाऱ्याने सांगाव्यात. मुदत टळल्यावर आधी त्याच अधिकाऱ्याला तगादा लावावा आणि त्यानेही भागले नाही तरच वरिष्ठाकडे जावे. तुंबलेल्या प्रकरणांची यादी नावानिशी साऱ्या खात्याच्या चॅनेलमध्ये टांगण्याची जी हौस काही ठिकाणी दिसते, ती मला सर्वस्वी गैर वाटते. तिने कामाला गती येत नाही, माणसे मात्र एकमेकांपासून दुरावतात. रजेचे कारण, आजार, वेतन यांचा तपशील तर वर्दीत येताच कामा नये. तेथे केवळ दुवा असावा, म्हणजे ज्याला अधिकार आहे तोच आत जाऊन वाचील.

अंगठ्याचे चित्र टाकणे ही मंजुरी नव्हे, हेही बजावून सांगितले पाहिजे. मंजुरीची नोंद वेळ व नावासह मूळ प्रणालीतच व्हावी, कारण लेखापरीक्षक उद्या दप्तर मागेल तेव्हा तो चॅनेलमधील गप्पा चाळत बसणार नाही. आणि ज्यांच्याकडे असे नियम लिहिण्याचे काम आहे, त्यांना एवढीच विनंती की, प्रत्येक नव्या नियमासमोर ती वर्दी मिळताच ज्याने काही कृती करावयाची आहे त्याचे नाव लिहावे. आणि ते नाव सुचत नसेल, तर तो नियम तेथेच खोडून टाकावा.