डाव्या हाताची शीर राखून ठेवा

बडोद्याच्या सयाजीराव रुग्णालयात, ज्याला आपण सारे एस. एस. जी. म्हणतो, किडनीच्या विकाराचे रोगी पाद्रा, डभोई, वाघोडियाकडूनही येतात. कित्येकांच्या मानेत नळी बसवलेली असते. ही पाळी टाळता येण्याजोगी असते, म्हणून हे चार शब्द.

किडन्या निकामी झाल्या म्हणजे रक्त यंत्रातून शुद्ध करून घ्यावे लागते. बहुधा आठवड्यातून ३ वेळा, दर खेपेस ४ तास. यंत्राला मिनिटाला सुमारे ३०० मिलिलिटर रक्त हवे. हातातली साधी शीर तेवढे पुरवू शकत नाही. १९६० साली अमेरिकेत सिएटल येथे डॉ. स्क्रिब्नर यांनी हाताच्या रक्तवाहिन्यांत टेफ्लॉनच्या नळ्या बसवल्या. रोगी जगू लागले, पण नळ्यांत रक्त गोठे, जंतू शिरत. १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, सिमिनो व सहकाऱ्यांनी नवा मार्ग प्रसिद्ध केला : मनगटाजवळची धमनी शेजारच्या शिरेला जोडून द्यायची. मोठ्या कालव्याचे पाणी पाटात सोडले की पाट रुंदावतो, तशीच ती शीर फुगते व जाड होते. हिलाच फिस्टुला म्हणतात.

परंतु शीर तयार व्हायला दीड-दोन महिने, कधी जास्तही लागतात. डॉक्टर आधीच सांगतात. आपण म्हणतो, कापूस वेचून होऊ द्या. मग एके रात्री दम लागतो आणि घाईने मानेत नळी घालावी लागते. ती थेट हृदयाजवळ पोचते, म्हणून तिची पट्टी घामाने वा आंघोळीने भिजू देऊ नये, शेणामातीचा हात लावू नये. नळी असताना थंडी वाजून ताप आला तर मलेरियाची गोळी घेऊन घरी थांबू नका. त्याच दिवशी डायलिसिस विभागात जा.

फिस्टुला सर्वांनाच मानवतो असे नाही. २०१९ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांतही रोग्याचे वय, शिरा व पुढील आयुष्य पाहून मार्ग ठरवावा असे म्हटले आहे. शिरा राखणे मात्र प्रत्येकाला हिताचे. आपल्याकडे जरा अशक्तपणा वाटला की 'ताकदीची बाटली' चढवून घेण्याची खोड आहे. अशा सुयांनी शिरा कडक होऊन बसतात. किडनीचा विकार आहे असे कळताच रक्त काढणाऱ्या सिस्टरला सांगावे, "बाई, सुई पंजाच्या मागच्या बाजूला टोचा." उजव्या हाताने काम करणाऱ्याने डावा हात विशेष जपावा.

फिस्टुला झाल्यावर रोज सकाळी तेथे बोट ठेवून थरथर पाहावी. ती थांबली असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वेळेत गेल्यास रस्ता पुन्हा उघडता येतो. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, घट्ट बांगडी घालू नये, हात उशाशी घेऊन झोपू नये. आणि बैलाचा कासरा त्या मनगटाला कधीही गुंडाळू नये. रक्त वाहू लागले तर स्वच्छ फडक्याने जागेवर बोट दाबून हात वर धरावा व तसेच निघावे.