मोहोर पाहून सौदा

माझे वडील फळांचे व्यापारी होते. आम्ही बागवान. आंब्याला मोहोर आला की ते झाडाखाली उभे राहून वर बघत, बोटांवर काही हिशेब करत आणि उभी बाग उक्ती घेऊन टाकत. फळ अजून धरायचं असायचं. मध्ये तुडतुडे, गारपीट, वादळ, पडलेले भाव असं सगळं उभं असायचं. मी बी.ए. झालो, कवितेच्या नादी लागलो, नोकरीत रमलो आणि घराण्याचा धंदा माझ्यापाशी येऊन थांबला. पन्नाशीनंतर मी पुन्हा मोहोर बघून सौदे करू लागेन, तेही अमेरिकेतल्या एका खेळात, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

माझा मुलगा न्यू जर्सीत असतो. रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. जेवलात का, गोळ्या घेता का, थंडी किती आहे, एवढं विचारून झालं की दोघांकडचे शब्द संपायचे. अम्मीशी तो तासभर बोलायचा, माझ्याशी तीन मिनिटं. एका रविवारी तो म्हणाला, ‘‘अब्बा, आमच्या लीगमधला एक गडी सोडून गेलाय. त्याचा संघ रिकामा आहे. तुम्ही घ्याल का?’’ संघ बेसबॉलचा होता. मी आयुष्यात बेसबॉलची बॅट हातात धरलेली नव्हती. तो म्हणाला, ‘‘धरायची नाहीच आहे.’’

हा खेळ संगणकावर चालतो. त्यातले खेळाडू काल्पनिक असतात. प्रत्येकाचं कसब आकड्यांत मांडलेलं असतं आणि त्या आकड्यांवर संगणक जणू फासे टाकून प्रत्येक चेंडूचा निकाल लावतो. चेंडू आपण टाकत नाही, फटका आपण मारत नाही. आपण फक्त संघ बांधायचा. या वेडाचा इतिहास संगणकाहून जुना आहे. हॅल रिचमन नावाच्या अमेरिकनाने लहानपणीच पत्ते आणि फासे यांवर बेसबॉल रचला आणि १९६१ साली ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ या नावाने तो बाजारात आणला. १९८० साली डॅनिएल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर कागदी संघ चालवायची ‘रोटिसरी’ लीग सुरू केली. ज्या हॉटेलात ते जमत, त्याचं नाव लीगला मिळालं. १९९९ साली मार्कुस हाइन्झोन या जर्मन माणसाने ‘आउट ऑफ द पार्क’ हा संगणकीय खेळ काढला. आज अशा खेळांवर गावोगावची माणसं एकत्र येऊन लीग चालवतात. आमच्या लीगमध्ये चोवीस संघ आहेत आणि एक सूत्रधार आहे.

बेसबॉलचा खरा हंगाम वसंतात सुरू होतो. अमेरिकेतल्या मुख्य स्पर्धेत तीस संघ, प्रत्येकाचे १६२ सामने. शरद ऋतूत विजेता ठरतो आणि मैदानं ओस पडतात. मग सुरू होतो सौद्यांचा मोसम. पूर्वी लोक हिवाळ्यात दुकानातल्या शेगडीभोवती बसून कोण कुठल्या संघात जाणार याच्या गप्पा मारत. म्हणून या काळाला तिकडे ‘हॉट स्टोव्ह लीग’, म्हणजे शेगडीची लीग म्हणतात. आपल्याकडे २००८ साली आयपीएल आली आणि खेळाडूंच्या लिलावाची ओळख झाली. बेसबॉलमध्ये लिलावापेक्षा अदलाबदल मोठी. तुझा हा दे, माझा तो घे. आमच्या लीगमध्ये खेळातलं एक वर्ष चार महिन्यांत संपतं, त्यामुळे मे महिन्यातही मी पंख्याखाली बसून हिवाळा अनुभवलेला आहे.

या सौद्यांत पहिली गोष्ट बघायची ती वय. बैलबाजारात गिऱ्हाईक आधी बैलाचं तोंड उघडून दात बघतं, तसंच. बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यास लोकप्रिय करणारा बिल जेम्स याने १९८० च्या दशकातच दाखवून दिलं की फलंदाजाचा बहर साधारण सत्ताविसाव्या वर्षाच्या आगेमागे असतो. तिशीनंतर उतार लागतो. नाव मात्र तिशीनंतरच मोठं झालेलं असतं. शहाणा माणूस भाव नावाचा घेतो आणि माल उताराला लागण्याआधी देतो.

पण नुसतं वय बघूनही फसगत होते. डिसेंबर १९६५ मध्ये सिनसिनाटीच्या संघाने फ्रँक रॉबिन्सन हा तीस वर्षांचा फलंदाज बाल्टिमोरला दिला. तो आता उतरणीला लागला, असं मालकांना वाटलं. बदल्यात मिल्ट पॅपस हा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, आणि आणखी दोघे आले. पुढच्याच वर्षी रॉबिन्सनने ४९ होमरन मारले, सरासरी, होमरन आणि धावा आणणं या तिन्हींत आपल्या गटात पहिला आला आणि बाल्टिमोरने विजेतेपद घेतलं. म्हणजे दात बघावेत, पण चालही बघावी.

दुसरी गोष्ट, कच्च्या फळाची किंमत. डिसेंबर १९७१ मध्ये न्यूयॉर्क मेट्स संघाने नोलन रायन हा चोवीस वर्षांचा पिचर आणखी तिघांसह कॅलिफोर्नियाच्या संघाला देऊन जिम फ्रेगोसी हा नावाजलेला खेळाडू घेतला. रायनचा चेंडू भन्नाट वेगाचा, पण जागेवर पडत नसे. पुढे तो १९९३ पर्यंत खेळला आणि त्याने ५,७१४ फलंदाज चेंडू चुकवून बाद केले. तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. फ्रेगोसी दोन वर्षंही त्या संघात टिकला नाही. मात्र सगळेच कच्चे आंबे पिकत नाहीत. तरुण पिचरचा खांदा किंवा कोपर कधी दुखावेल याचा नेम नसतो. म्हणून जाणते लोक अशा एका पोरावर सगळी पुंजी लावत नाहीत.

तिसरी गोष्ट करार. खेळाडू किती चांगला, याच्याइतकंच तो किती पैशांत आणि किती वर्षं आपल्याकडे राहणार हे महत्त्वाचं. खऱ्या बेसबॉलमध्ये मुख्य संघातली सहा वर्षं पूर्ण झाल्यावर खेळाडू मोकळा होतो. त्याआधी तो तुलनेने स्वस्त असतो. आमच्या खेळातही तसंच. त्यामुळे कालचा नायक आणि त्याचा शिल्लक राहिलेला पाच वर्षांचा भारी करार ही दुप्पट भाड्याने आणलेली पेटी समजावी.

चौथी गोष्ट वेळ. संघाच्या राखीव यादीत चाळीसच नावं मावतात. काही वर्षं संघात काढलेला तरुण या यादीबाहेर राहिला तर डिसेंबरच्या निवडीत दुसरा संघ ठरलेली रक्कम भरून त्याला उचलू शकतो. त्यामुळे निवडीच्या आदल्या आठवड्यात ज्याची यादी भरून वाहते, तो अडलेला असतो. तेव्हा त्याला एक चांगला देऊन दोन घेण्याऐवजी त्याचेच दोन बरे घेऊन आपली एक रिकामी जागा विकावी. रिकाम्या जागेलाही भाव असतो, हे मला इथे कळलं. वडील म्हणायचे, संध्याकाळी मंडईत ज्याची गाडी भरलेली, त्याच्याशी घासाघीस करावी.

आता माझी फजिती सांगतो. माझ्या संघात चौतीस वर्षांचा एक फलंदाज होता. कारकीर्द मोठी, आकडे देखणे. मी त्याला ‘उस्ताद’ म्हणायचो. पहिल्या हिवाळ्यात एकाने त्याच्यासाठी दोन तरुण देऊ केले. संघ तळाला होता, विजेतेपद दूर होतं. अशा संघाला म्हाताऱ्या खेळाडूचा काय उपयोग? उस्तादला देणं सरळ शहाणपणाचं होतं. मी नाही म्हणालो. खरं कारण आता कबूल करतो. त्याच महिन्यात एका कविसंमेलनात मला शेवटून दुसरं बोलावलं होतं आणि तोवर मंडप अर्धा रिकामा झाला होता. मला त्या चौतीस वर्षांच्या आकड्यात माझा चेहरा दिसत होता. पुढच्या हंगामात उस्तादची सरासरी ०.२१९ वर आली. बेसबॉलमध्ये दहांत तीनदा यश मिळवणारा उत्तम मानतात, त्यावरून अंदाज करा. मग त्याला फुकटही कुणी घेईना.

दुसऱ्या हिवाळ्यात मुलाने माझ्यापुढे सौदा ठेवला. उस्ताद त्याला द्यायचा आणि बदल्यात त्याचा बावीस वर्षांचा शॉर्टस्टॉप मी घ्यायचा. शॉर्टस्टॉप ही मैदानातली सर्वांत अवघड जागा, चांगला माणूस तिथे दुर्मीळ. मला आनंद झाला. मी लगेच होकार दिला. आमच्याकडे आंब्याच्या व्यवहारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे. इथे मात्र प्रत्येक सौदा सगळ्यांना दिसतो. चार तासांत तक्रारी आल्या. एकाने सभ्यपणे विचारलं, हे दोघे बापलेक आहेत, हे खरं ना? सूत्रधाराने सौदा रद्द केला.

त्या रविवारी मुलगा चिडलेला होता. ‘‘माझा खेळाडू, मी कुणालाही देईन,’’ तो म्हणाला. मी विचारलं, ‘‘बेटा, दुसऱ्या कुणी उस्तादसाठी तो पोरगा मागितला असता तर दिला असतास?’’ तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘अब्बा, तुम्ही सारखे हरत होतात. मला बघवत नव्हतं.’’

मला वडिलांची आठवण झाली. सख्ख्या भावाची बाग घेताना ते चारचौघांत भाव करायचे. मदत करायची असेल तर घरी जाऊन करावी, म्हणायचे, तराजूत घालू नये. तराजूत घातलेली मदत तिसऱ्याच्या खिशातून जाते. आमच्या लीगमध्ये उरलेले बावीस जण रात्र जागून संघ बांधत होते. मी फुकटचा शॉर्टस्टॉप घेऊन त्यांच्यापुढे गेलो असतो, तर त्यांचा विश्वास उडाला असता. अशा लीग बुडतात त्या बहुधा याच कारणाने. एकाला सौदे कपटाचे वाटू लागतात, तो सोडून जातो, मग दुसरा, मग तिसरा. आणि लुबाडलेला माणूस पुन्हा सौद्याला येत नाही, म्हणून समोरच्यालाही काही लाभ होईल असाच सौदा मांडावा. हा पाचवा नियम, आणि माझ्या मते पहिला.

उस्तादचा करार संपला. मी त्याला मोकळं केलं. संगणकाने एका ओळीत त्याची निवृत्ती जाहीर केली. त्या रात्री मी एक कविता लिहिली. ती चांगली नव्हती, पण पुष्कळ दिवसांनी लिहिली होती.

गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे दोन चांगले कॅचर होते. कॅचर म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा. मुलाकडे एकही नव्हता, आणि त्याच्याकडे पिचर गरजेपेक्षा जास्त होते. मी कॅचरच्या बदल्यात दोन पिचर मागितले. तो एकच देतो म्हणाला. मी त्याच्या यादीत जागा नाही हे दाखवून दिलं, त्याने माझ्या कॅचरच्या गुडघ्याचा विषय काढला. तीन रविवार हे चाललं. अम्मी मागून विचारायची, तुम्ही दोघे भांडताय का? शेवटी एक पिचर आणि एक साधा राखीव खेळाडू, यावर सौदा तुटला. या वेळी कुणाची तक्रार आली नाही.

त्या सौद्यात मुलाने मला रुपयाचीही सूट दिली नाही. मला फार बरं वाटलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)