पिवळ्या दिव्याची साक्ष

स्पीडोमीटरच्या शेजारी इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की जुन्या गाडीच्या मालकाला पहिली धास्ती वाटते ती खर्चाची. काहीजण बॅटरीची वायर काढून परत लावतात आणि दिवा विझला म्हणून निश्चिंत होतात. काहीजण गॅरेजमध्ये जाऊन ‘सेन्सर गेलाय’ हे ऐकून येतात आणि तो बदलून घेतात. आठवड्याने दिवा पुन्हा लागतो. हा दिवा लागतो त्याच वेळी गाडीच्या कॉम्प्युटरने, म्हणजे ईसीयूने, आपली तक्रार आकड्यांत नोंदवून ठेवलेली असते. ती नोंद घरबसल्या वाचता येते, त्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही. ती कशी वाचायची, आणि तिच्यावर कितपत विसंबायचे, हे मात्र समजून घ्यावे लागते.

या नोंदीचा उगम लॉस एंजेलिसच्या धुरकटलेल्या आकाशात आहे. कॅलटेकमध्ये अननसाच्या स्वादाचे रसायनशास्त्र तपासणारे डच वंशाचे जीवरसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले, की शहरावर साचणारे धुरके गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरणाच्या वायूंवर सूर्यप्रकाशाची प्रक्रिया होऊन तयार होते. पुढे कॅलिफोर्नियाचे हवा संसाधन मंडळ स्थापन झाले आणि हागेन-स्मिटच त्याचे पहिले अध्यक्ष झाले. धूर कमी करायला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. पण हा कन्व्हर्टर नीट काम करतो तो हवा आणि पेट्रोलचे वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी जवळ राहिले तरच. कार्बुरेटरला इतकी बारीक मापे पाळणे जमत नव्हते. म्हणून ऑक्सिजन सेन्सर आला, त्याचे ऐकून क्षणाक्षणाला इंधन कमी-जास्त करणारा कॉम्प्युटर आला, आणि सेन्सर खोटे बोलू लागला तर ते सांगणारी सोयही आली.

जनरल मोटर्सने १९८१ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या बहुतेक गाड्यांत ही व्यवस्था बसवली. बारा पिनांच्या सॉकेटमधल्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या की डॅशबोर्डवरचा दिवा मिचकू लागे: एकदा, थोडे थांबून दोनदा, म्हणजे १२. हा कोड ‘यंत्रणा जागी आहे’ एवढेच सांगे; खऱ्या तक्रारी त्यानंतर येत. अडचण अशी, की प्रत्येक कंपनीचे सॉकेट वेगळे, आकडे वेगळे, वाचायची रीत वेगळी. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून गाडीने स्वतःची तपासणी करणे (ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, म्हणजे ओबीडी) सक्तीचे केले. दुसऱ्या पिढीचा नियम, म्हणजे ओबीडी-२, १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला लागू झाला. सॉकेट सोळा पिनांचे आणि एकाच आकाराचे, ते स्टिअरिंगपासून दोन फुटांच्या आत, हत्याराशिवाय हात पोचेल असे. कोडही सर्वांना समान. कंपनीच्या वर्कशॉपबाहेरच्या मेकॅनिकलाही दोष वाचता यावा, हा या नियमामागचा उघड हेतू होता.

आपल्याकडे ही यंत्रणा टप्प्याटप्प्याने आली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या आदेशानंतर आधी दिल्लीत आणि मग इतर महानगरांत युरो-२ दर्जाच्या गाड्या आल्या. कार्बुरेटर मागे पडला आणि एमपीएफआयची (म्हणजे मल्टी-पॉइंट फ्युएल इंजेक्शनची) अक्षरे गाड्यांच्या मागच्या काचेवर झळकू लागली. ईसीयू आला, पण त्याने काय आणि कसे सांगावे याचा कायदा नव्हता. तो आला २०१० मध्ये, भारत स्टेज-४ या धुराच्या मानकाबरोबर. हा दर्जा लागू झालेल्या पहिल्या तेरा शहरांत महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. सुरुवातीला ओबीडी-१ म्हणजे मुख्यतः सर्किट जोडलेले आहे की तुटले आहे एवढीच तपासणी होती. १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ आले आणि कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, मिसफायर यांच्यावरही पाळत सुरू झाली. भारत स्टेज-४ देशभर पोचायला एप्रिल २०१७ उजाडले. त्यामुळे एकाच वर्षी, पण वेगवेगळ्या जिल्ह्यांत विकल्या गेलेल्या दोन गाड्यांची बोलण्याची तऱ्हा वेगळी असू शकते.

घरी कोड वाचायला बसण्याआधी म्हणूनच आपली गाडी कोणत्या काळातली आहे हे पाहावे. १९९८ मध्ये भारतात आलेल्या पहिल्या होंडा सिटीच्या पिढीतल्या होंडांना स्कॅनरही लागत नाही. डॅशबोर्डखाली दोन तारांचा एक सुटा कनेक्टर असतो. त्याच्या दोन टोकांना वायरने जोडून चावी ऑन केली की दिवा बोलू लागतो. लांब मिचकणे म्हणजे दहा, छोटे म्हणजे एक. सहा छोटी मिचकणी म्हणजे कुलंटच्या तापमानाचा सेन्सर, सात म्हणजे थ्रॉटलचा. २००० ते २०१० च्या दरम्यानच्या बऱ्याच गाड्यांत सोळा पिनांचे सॉकेट आहे, पण त्यामागे कंपनीची स्वतःची भाषा आहे. तिथे स्वस्त रीडरला ‘कनेक्ट होत नाही’ असे उत्तर मिळते. त्याचा अर्थ ईसीयू बिघडला असा नाही. अशा गाडीसाठी त्या कंपनीची भाषा येणारा स्कॅनरच शोधावा.

हा स्वस्त रीडर म्हणजे ब्लूटूथवर मोबाइलशी बोलणारी, मुठीत मावणारी डबी. कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सने ईएलएम ३२७ नावाची चिप काढली. गाड्यांच्या वेगवेगळ्या संदेशपद्धती समजून घेऊन साध्या अक्षरांत उत्तर देणे हे तिचे काम. पहिल्या आवृत्तीला कॉपीविरोधी कुलूप लावलेले नव्हते. तिच्या नकला जगभर पसरल्या आणि काही शे रुपयांत हे काम सामान्य माणसाच्या हाती आले. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, नकला चालूच आहेत. जुन्या गाडीसाठी डबी घेताना एक गोष्ट पाहावी: ती सातव्या पिनेवरची के-लाइन ही जुनी संदेशपद्धत बोलते का? नव्या गाड्या सहा आणि चौदा क्रमांकाच्या पिनांवरून कॅन पद्धतीने बोलतात. बऱ्याच नकलांनी जुन्या पद्धतींना फाटा दिलेला असतो.

प्रत्यक्ष वाचन सोपे आहे. गाडी उभी, चावी ऑन, इंजिन बंद. डबी लावायची, मोबाइल जोडायचा, कोड मागायचा. आलेला कोड आधी वहीत लिहायचा. ‘क्लिअर’ चे बटण समोर दिसते. ते लगेच दाबायचे नाही. कोडबरोबर ईसीयूने ‘फ्रीझ फ्रेम’ ठेवलेली असते: दोष नोंदवला त्या क्षणी इंजिन किती आरपीएमवर होते, किती तापले होते, गाडीचा वेग किती होता. हा त्या क्षणाचा पंचनामाच. क्लिअर केले की तोही पुसला जातो, आणि मेकॅनिकच्या हाती काहीच उरत नाही.

कोडची रचना एकदा कळली की त्याची भीती जाते. पी ०३०१ घ्या. पहिले अक्षर पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स. सी असेल तर ब्रेक-चॅसी, बी असेल तर बॉडी, यू असेल तर कॉम्प्युटरांचे आपसातले बोलणे. पुढचा शून्य म्हणजे सर्वांना समान असलेला कोड. तिथे एक असेल तर कंपनीचा स्वतःचा. तिसऱ्या जागी १ किंवा २ म्हणजे हवा-इंधन, ३ म्हणजे इग्निशन आणि मिसफायर, ४ म्हणजे धूर रोखणारी यंत्रणा. शेवटचे दोन आकडे नेमकी तक्रार सांगतात. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, गॅरेजच्या भाषेत मिसिंग.

पण कोड ही साक्ष आहे, निकाल नव्हे. ईसीयूला सेन्सर दिसत नाही, वायरीवरचा व्होल्टेज तेवढा दिसतो. पी ०११८ हा कोड पाहा. कुलंटच्या तापमानाच्या सेन्सरकडून अपेक्षेपेक्षा जास्त व्होल्टेज येतो आहे, एवढेच तो म्हणतो. हा सेन्सर तापला की त्याचा रोध कमी होतो. वायर तुटली तर ईसीयूने दिलेले पाच व्होल्ट तसेच राहतात आणि मे महिन्यातल्या नागपुरातही मोबाइलवर उणे ४० अंश सेल्सिअस दिसते. आता सेन्सर बदलायचा का? आधी चावी बंद करून त्याचा प्लग काढावा. आत हिरवट गंज चढलाय का, मागची वायर उंदरांनी कुरतडलीय का, हे पाहावे. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे नेहमीचे आहे. मग दोन तारांच्या सेन्सरच्या प्लगमधली दोन्ही टोके वायरच्या तुकड्याने जोडून चावी ऑन करावी. मोबाइलवरचा आकडा एकदम शंभराच्या बराच वर गेला तर वायरिंग शाबूत आहे, दोष सेन्सरचा. उणे ४० वरच राहिला तर नवा सेन्सर आणून पैसे वाया जाणार. दोष वायरीत, प्लगमध्ये किंवा क्वचित ईसीयूत आहे. पाच मिनिटांच्या या तपासणीने साक्ष पडताळली जाते.

मिसिंगचेही तसेच. प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल असेल तर इंजिन बंद करून पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी. काही दिवसांनी पी ०३०१ च्या जागी पी ०३०२ आला, तर दोष कॉइलबरोबर हलला, म्हणजे कॉइलच गेली. कोड जागचा हलला नाही तर स्पार्क प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन यांच्याकडे वळावे. मात्र दिवा सतत लागण्याऐवजी गाडी चालताना मिचकू लागला तर थांबावे: न जळालेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि गाडीतला सगळ्यात महागड्यांपैकी एक भाग जळून जातो. पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टर कमी पडतोय. पण सायलेन्सरच्या पाइपाची गळती आणि जुना मिसिंगचा कोड तपासल्याशिवाय त्याला हात लावू नये.

काही मर्यादाही आहेत. साधी डबी बहुधा इंजिनाशीच बोलते. एबीएस आणि एअरबॅग तिच्या आवाक्याबाहेर राहतात. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरांना घरी हात लावूच नये. सोळाव्या पिनेवर बॅटरीचा वीजपुरवठा कायम असतो, म्हणून काम झाले की डबी काढून ठेवावी. पीयूसीचे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे ईसीयूची तक्रार मिटली असेही नाही. ती चाचणी उभ्या गाडीच्या नळकांड्यातला धूर मोजते, कोड वाचत नाही.

एवढे सगळे करून गाडी शेवटी गॅरेजमध्येच न्यायची, तर घरी वाचायचे कशाला? माझे उत्तर सरळ आहे. चांगल्या मेकॅनिकला हीच माहिती हवी असते: कोड, फ्रीझ फ्रेम, किलोमीटर, गाडी सकाळी थंड असताना मिसिंग करते की घाटात तापल्यावर. ही वही घेऊन जाणाऱ्या माणसाशी तो वेगळ्या पातळीवर बोलतो, आणि अंदाजाने भाग बदलणाऱ्याला मालक प्रश्न विचारू शकतो. गावोगावच्या छोट्या गॅरेजमध्ये हात कुशल आहेत, पण महागडे स्कॅनर नाहीत. तिथे मालकाची वही मालक आणि मेकॅनिक दोघांच्याही कामी येते. हवा सर्वांची आहे म्हणून हा दिवा कायद्याने गाडीत आला आणि त्याचे बोलणे कायद्यानेच सर्वांना वाचता येईल असे ठेवले. हा हक्क आपण वापरला, तर पंधरा वर्षांची गाडीही कमी धूर सोडत, कमी खर्चात आणखी काही वर्षे चालते.