तांदळाएवढी वीट आणि रुबायाचा डोंगर

जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी एकदा त्याचा बोर्ड निरखून पाहा. तांदळाच्या दाण्याएवढी पिवळी वीट दिसेल, एका टोकाला पट्टा ओढलेली. हा टँटलमचा कपॅसिटर. त्याच्या पोटात धातूची भुकटी भाजून केलेली, स्पंजासारखी सच्छिद्र गोळी असते. छिद्राछिद्रातून ऑक्साइडचा थर चढवलेला, नॅनोमीटरमध्ये मोजावा इतका पातळ. त्याच्या दोन बाजूंना वीज साठते. एवढ्याशा दाण्यात केवढा पसारा घडी घालून ठेवलाय!

1802 मध्ये एकेबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाला हा धातू सापडला. त्याचं ऑक्साइड आम्लात बुडवलं तरी आम्ल ‘पीत’ नव्हतं. म्हणून त्याला नाव मिळालं ग्रीक पुराणातल्या टँटलसचं. गळ्यापर्यंत पाण्यात उभा, आणि तरी जन्माचा तहानलेला.

ही तहान पूर्व काँगोत, उत्तर किवूमधल्या रुबायाच्या डोंगरात आजही दिसते. जगातलं सुमारे 15 टक्के टँटलम इथलं. माणसं फावड्यांनी खणतात, माती वाहत्या पाण्यात धुतात. चिखल वाहून जातो, टँटलमचं जड काळं खनिज, कोल्टन, तळाशी बसतं. एप्रिल 2024 मध्ये एम23 या बंडखोरांनी रुबाया घेतलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या हिशेबाने, कोल्टनवरच्या करातून त्यांना महिन्याला सुमारे 8 लाख डॉलर मिळू लागले.

धातू एकदा वितळला की त्याचं गाव पुसलं जातं. त्यामुळे चौकशी व्हायची ती भट्टीच्या अलीकडेच. खाणी असंख्य, कारखाने असंख्य, मधल्या भट्ट्या मात्र मोजक्या. अमेरिकेच्या 2010 च्या डॉड-फ्रँक कायद्याने शेअर बाजारातल्या कंपन्यांना कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोनं कुठून येतं याची चौकशी करून ते जाहीर करायला लावलं. त्यावर काहींनी सोपी वाट धरली: काँगोतून माल घेणंच थांबवलं. पोट हातातल्या फावड्यावर असलेल्यांची चूल त्यामुळे विझली. याला मी जबाबदारी म्हणणार नाही.

माल कुठला ते कळावं म्हणून खाणीपाशी गोणीला नंबर असलेली प्लास्टिकची चिठ्ठी बांधतात. पण संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांना रुबायाचा माल सीमेपलीकडे, रवांडाच्या मालात मिसळलेला आढळला. म्हणजे चिठ्ठी खरी, नंबर खरा, आणि आतली माती दुसऱ्याच डोंगराची. म्हणून नुसतं भट्टीचं प्रमाणपत्र दाखवून कंपनीला मोकळं होता येणार नाही. तिचा माणूस त्या गोणीपाशी, चिठ्ठी बांधली जाते त्या क्षणी, उभा असायला हवा.