टक्के कशाचे? बी.कॉम.च्या गणिताचा आढावा

अकरावी कॉमर्सला प्रवेश घेताना महाराष्ट्रात एक प्रश्न ठरलेला असतो : मॅथ्स की एसपी? एसपी म्हणजे चिटणीसाची कार्यपद्धती. दहावीच्या बीजगणिताचा धसका घेतलेली मुलं एसपी घेतात आणि सुटलो म्हणतात. पुढे बी.कॉम.ला व्यावसायिक गणित आणि संख्याशास्त्र दारात उभं असतंच. वाशिम जिल्ह्यातल्या आसेगावसारख्या गावातून कॉलेजला येणाऱ्या मुलांची तर दोन्हीकडून पंचाईत. गणित दोन वर्षं बंद आणि पुस्तकातली उदाहरणं कुठल्या तरी कारखान्याची.

खरं तर घरी हिशेबाचा तुटवडा नसतो. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा 12 टक्के. 14 टक्के ओलाव्याचा एक क्विंटल माल वाळवून 12 टक्क्यांवर आणला तर किती भरेल? झटकन येणारं उत्तर 98 किलो. ते चूक. कोरडा भाग 86 किलो, आणि वाळल्यावर तो नव्या वजनाच्या 88 टक्के. 86 भागिले 0.88, म्हणजे 97.73 किलो. 2025-26च्या 5,328 रुपये हमीभावानं हा फरक क्विंटलमागे साडेचौदा रुपयांचा. रक्कम किरकोळ वाटेल, पण चुकीची जात नीट पाहा. वजाबाकी सगळ्यांना येते. टक्के कशाचे, हे विचारायचं राहून जातं.

हीच गफलत मोटारसायकलच्या कर्जात महाग पडते. 60,000 रुपये, तीन वर्षं, ‘फ्लॅट’ दहा टक्के. व्याज 18,000, एकूण 78,000, महिन्याचा हप्ता 2,167. पोरगं म्हणतं, दहाच टक्के तर आहेत! पण दर महिन्याला मुद्दल फिटत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 60,000वर चालूच. उरलेल्या बाकीवर दहा टक्के लावले, तर हप्ता 1,936 बसतो आणि एकूण व्याज सुमारे 9,700. उलट, 2,167च्या हप्त्यातून खरा दर काढला तर तो जवळपास 18 टक्के निघतो. शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही. वर्गात तरी सांगायला हवं की नको?

व्यवहार आणि गणित यांची ही फारकत आपल्याकडे जुनी नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत त्रैराशिक आहे, व्याज आहे, सोन्याच्या भेसळीचा हिशेब आहे. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवानं चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला. शके 1128च्या तिथल्या शिलालेखात मराठी मजकूरही आहे, आणि बाजारातल्या मालाचा, घाण्याच्या तेलाचा वाटा मठाला लावून दिल्याची नोंद आहे. गणित शिकवायचा खर्च पेठेनं उचलला होता! जुन्या शाळांतल्या पावकी, निमकी, दिडकी, अडीचकीही दुकानाच्या गल्ल्यासाठीच पाठ करून घेतल्या जात. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी अंकगणिताचं पाठ्यपुस्तक लिहिलं होतं. 1902च्या अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी सरकारी शिलकेचे आकडे उसवून दाखवले. ही शिलक प्रजेच्या भरभराटीतून आलेली नाही, रुपयाचा भाव चढवून ठेवल्यामुळे दिसते आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनीही हेच विचारलं होतं : शिलक कशाची? कॉमर्सचं शिक्षण मग कॉलेजात आलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेज 1913 साली, वर्ध्यात जी. एस. कॉमर्स कॉलेज 1940 साली सुरू झालं. पुढे कॉमर्सची कॉलेजं गावोगाव पोचली.

आज बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात सारणी, निश्चयक, विकलन, रेखीय प्रायोजन असा मसाला सापडतो. रेखीय प्रायोजनाला माझा मुळीच विरोध नाही. चार एकर रान, हातात ठरावीक पैसा, सोयाबीन किती आणि तूर किती, हे आलेखावर मांडलं की मुलं सरसावून बसतात. विकलनाचं मात्र बहुधा सूत्रपाठांतर होतं. सीमांत खर्चाचा अर्थ कुणी विचारला की वर्ग गप्प.

दोष एकट्या मुलांचा नाही. हा पेपर कधी गणिताच्या प्राध्यापकाकडे जातो, कधी कॉमर्सच्या. एक सूत्र सिद्ध करतो, दुसरा सूत्र लिहून देतो, आणि हप्त्याचं कोष्टक मांडायचं दोघांकडूनही राहतं. परीक्षेत ते येत नाही, हे त्यांचं कारण खरंही आहे. पण मोबाईलवरच्या एक्सेलमध्ये 36 ओळी आणि हप्ता, व्याज, मुद्दल, बाकी असे चार रकाने एका तासात होतात. त्याला विकलन लागत नाही. एसपीवाल्यालाही जमतं.